जेवण, झोप आणि नाव

वनवस्ती, कोमी, उत्तर रशिया
१२ नोव्हेंबर १९७९

प्रिय आई,

मिरच्यांची माळ पोचली, पत्रही पोचलं. पाकिटाचा डिंक दोनदा लावल्यासारखा दिसत होता. वेल्कोचं म्हणणं, कुणीतरी आधी फोडून वाचलंय. मी म्हटलं, वाचू देत की. सासूने सुनेला दह्याचं विरजण कसं जपावं हे लिहिलंय, त्यात कुणाचं राज्य बुडणार आहे?

आम्हा मायलेकींचा इथला हा पहिलाच हिवाळा, पहाटे उणे सव्वीस असतं. नदी गोठली आणि तिच्यावरून ओंडक्यांच्या गाड्या जायला लागल्या. मांस जाळीच्या पिशवीत घालून खिडकीबाहेर टांगायचं, हवं तेवढं कुऱ्हाडीने तोडून आत घ्यायचं. वेल्को पाचला येतो तेव्हा मिशांवर बर्फ असतो. पाव तास घरातल्या भट्टीसारख्या बंद शेकोटीपाशी उभा राहिल्यावर मग कुठे तो बोलायला लागतो.

एक बातमी आहे. मला वस्तीच्या खानावळीत काम मिळालं. आपल्या देशातून इथे करारावर आलेले दोनशे लाकूडतोडे रोज कोबीचं सूप पिऊन कावले होते. घेवड्याची आमटी आपल्या पद्धतीने करणारी कुणीतरी द्या म्हणून त्यांनी मुकादमाला हैराण केलं, आणि माझा नंबर लागला. सकाळी सात ते दुपारी तीन.

फिलाला तेवढा वेळ खालच्या मजल्यावरच्या कापितोलिनाकडे ठेवते. पन्नाशीची रशियन बाई आहे, सगळे तिला कापा म्हणतात. एकटीच राहते. पूर्वी दुसऱ्या गावी पाळणाघरात होती. इथलं नवं पाळणाघर फेब्रुवारीत उघडणार, तिथल्या कामाच्या यादीत तिचंच नाव पहिलं आहे. फिलाला सांभाळते त्याच्या बदल्यात मी तिला आपलं दही लावून देते. तुमच्या नावाची नात आता पावणेदोन वर्षांची झाली, पण खाली जाताना रडत नाही, हे बरंच म्हणायचं.

एकच गोष्ट मला कळत नाही. मी तीनला तिला घ्यायला जाते तेव्हा पोरीचे गाल गार असतात आणि केसांना बाहेरच्या थंडीचा वास येतो. मी विचारलं, "कुठे नेलं होतं का हिला?" तर कापा म्हणाली, "छे, कुठे नेणार? घरीच आहोत की आम्ही." मग गाल गार कसे?

तुमची,
रुमेना

—

गोर्ना लूका, वीदीन जिल्हा
२९ नोव्हेंबर १९७९

रुमेना,

अर्धं पत्र त्या कापाबद्दल आणि माझ्या मुलाबद्दल दोन ओळी, त्यातली एक मिशांची. तो बरा आहे ना? काही लपवत असलीस तर आताच सांग, मला मागाहून कळलेलं खपत नाही.

आता त्या बाईचं. तू लिहिलंस, एकटीच राहते. बाईला मूल आहे का, होतं का, झालंच नाही का, हे लिहायला तुला सुचलं नाही. मी असते तर पोर हातात द्यायच्या आधी तेच विचारलं असतं. "घरीच आहोत" असं म्हणते आणि गाल गार, म्हणजे ती खोटं बोलते. जी एकदा बोलली ती पुन्हा बोलेल.

माझं ऐक. दुसऱ्याचं लेकरू आपलं करून घ्यायचं असेल तर बाई ते उचलून पळत नाही. ती आधी त्याचं जेवण बदलते. मग झोप बदलते. शेवटी नाव बदलते. या तिन्ही गोष्टी बदलल्या की लेकरू आपणहून तिचं होतं, आणि आई दारात नुसती उभी राहते. तेव्हा तिला काही विचारू नकोस. नुसतं डोळ्यांत तेल घालून बघ. पोर घरी काय खाते, कशी झोपते, तिला ती बाई कोणत्या नावाने हाक मारते.

पार्सलमध्ये लाल-पांढरा दोरा ठेवलाय. फिलाच्या दुपट्याला आतल्या बाजूने गाठ मार. गाठ सुटलेली दिसली तर समज की दुपटं उलगडून पुन्हा गुंडाळलंय, म्हणजे तिला कुठेतरी नेलं होतं.

वेल्कोला यातलं काही सांगू नकोस. पुरुषांना अशा गोष्टी चेष्टेच्या वाटतात.

त्रेन्दाफिला

—

वनवस्ती
१६ डिसेंबर १९७९

प्रिय आई,

तुमचं पत्र आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

जेवण: परवा फिलापुढे घेवड्याची आमटी ठेवली. तिने चमचा ढकलून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी मुद्दाम कापासारखी रव्याची पातळ खीर केली, तर वाटी चाटूनपुसून साफ.

झोप: आपल्याकडे तिला तासभर थोपटावं लागायचं, आठवतं? आता संध्याकाळी सातला अशी झोपते की ढोल वाजवला तरी उठायची नाही. मी तिच्या तोंडाचा वासही घेतला. औषधाचा वाटला नाही, पण मला काय कळतंय त्यातलं.

आणि नाव. काल मी जिन्यातच थांबले, दार वाजवलं नाही. आतून कापा म्हणत होती, "फेन्या, ये गं माझ्याकडे, माझी फेन्या." आणि आपली फिला हसत होती.

दोऱ्याची गाठ तीन दिवसांत दोनदा सुटली.

मुलाचं विचारलं मी, इकडून तिकडून. खानावळीतल्या ल्युबाने सांगितलं, कापाला एक मुलगा आहे, दूर समुद्रावर बोटीवर असतो, वर्षानुवर्षं पत्र नाही. याहून जास्त कुणी बोलत नाही. मी विषय काढला की बायका एकमेकींकडे बघतात. शिवाय कापाच्या कपाटाचं दार त्या दिवशी अर्धं उघडं होतं, आत मेंढीच्या कातड्याचा एवढासा कोट टांगलेला मी डोळ्यांनी पाहिला. फिलाच्याच मापाचा. मला बघून तिने दार लोटलं.

वेल्कोला सांगायचं नाही म्हणालात, पण तोंडातून गेलंच थोडंसं. तो म्हणाला, "तुझ्या डोक्यात भुसा भरलाय. कापासारखी बाई शोधून सापडणार नाही." त्याला इतकी खात्री कशी? रविवारी तिच्या शेकोटीचं दार बसवायला गेला होता तो, दीड तास. एका दाराला दीड तास लागतो का, हे तुम्हीच सांगा. पण तो बरा आहे. खोकला नाही, हातपाय धड आहेत, मी काही लपवत नाही.

रुमेना

—

गोर्ना लूका
२ जानेवारी १९८०

रुमेना,

वेल्कोला मध्ये आणू नकोस. माझा मुलगा दारं बसवतो, बायका शोधत नाही. त्या कापावर लक्ष ठेव, फाटे फोडू नकोस.

तिन्ही चिन्हं जुळली. कोटसुद्धा निघाला. आता अजून कशाची वाट बघतेस? एक दिवस पोटदुखीचं सोंग कर आणि अकरा वाजता घरी ये. दार वाजवू नकोस, सरळ आत जा. जे असेल ते डोळ्यांनी दिसेल.

आणि एक लक्षात ठेव. तुला बघून पोर कुणाकडे जाते ते बघ. धावत तुझ्याकडे आली तर देवाची कृपा. त्या बाईच्या परकराआड लपली, तर समज, उशीर व्हायला लागलाय. मग एक दिवसही थांबायचं नाही. भांडण झालं तरी चालेल, वस्तीभर बोभाटा झाला तरी चालेल. लाजून गप्प बसणारी आई हरते. मी पाहिलंय ते.

नव्या वर्षाचा आशीर्वाद. चीजची पोळी केली होती, तुमच्या वाटणीची चिमण्यांना घातली.

त्रेन्दाफिला

—

वनवस्ती
१९ जानेवारी १९८०

प्रिय आई,

तुम्ही नसतात तर काय झालं असतं, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

मंगळवारी मी अकराला निघाले. उणे सतरा होतं. कापाचं दार नुसतं लोटलेलं. आत गेले तर बाई स्वयंपाकघरात खिमा करत बसलेली, तोंडाने गाणं चाललेलं. खोलीत फिला नाही. पलंगावर नाही, कोपऱ्यात नाही. मी म्हटलं, "फिला कुठंय?" तिने तोंडावर बोट ठेवलं. लेकराचा पत्ता नाही आणि ही मला गप्प करते.

मी मागच्या सज्जाचं दार उघडलं. आई, तिथे घसरगाडीवर एक लाकडाची पेटी होती आणि पेटीत माझी पोर होती. कातड्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेले, पापण्यांवर पांढरं हिव साचलेलं. हलत नव्हती. मला वाटलं, संपलं सगळं. मी अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले.

ती जिवंत होती. झोपली होती नुसती. पण कुणी दोन वर्षांच्या लेकराला उणे सतरामध्ये घराबाहेर टाकून खिमा करत बसतं का? आपल्याकडे न्हाऊन आल्यावर समोरासमोरच्या दोन खिडक्यासुद्धा आपण उघडू देत नाही. कापा म्हणत होती, "अगं, ओरडू नकोस, ती दचकेल." एवढंच. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. हात उगारला होता, ते आठवतं.

तिथून मी तडक वस्तीच्या व्यवस्थापकाकडे गेले, अंगावर खानावळीचा एप्रन तसाच. लेखी तक्रार दिली. परदेशी कामगाराची तक्रार म्हटल्यावर त्याने ती तीनदा वाचली आणि कपाळ पुसलं. परवा महिला समितीपुढे कापाला बोलावलं होतं. आता फिला माझ्याजवळ आहे. खानावळीचं काम सोडलं. खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, सुईएवढी हवा आत येत नाही.

वेल्को दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

रुमेना

—

गोर्ना लूका
४ फेब्रुवारी १९८०

रुमेना,

शाब्बास. आईने असंच करावं. मुलाला सांग, बायकोशी अबोला धरायचा असेल तर आधी माझ्याशी धर.

पण तू एक गोष्ट लिहिली नाहीस. पोर जागी झाल्यावर कुणाकडे गेली? पत्र दोनदा वाचलं, शेजारच्या शिक्षिकेकडूनही वाचून घेतलं, त्यात ते नाही. तू विसरणारी नाहीस. तेव्हा लिही.

त्रेन्दाफिला

—

वनवस्ती
२१ फेब्रुवारी १९८०

आई,

फिला कापाच्या गळ्यात पडली. मी तिला ओढत होते आणि ती कापाचा परकर सोडत नव्हती. ते मला लिहायचं नव्हतं. तुम्ही बरोबर तेवढंच विचारलंत.

आता बाकीचंही लिहिते. या पत्रात मी काहीच राखून ठेवणार नाही.

पोर घरात राहिल्यापासून झोपेना. खोकला सुरू झाला, ओठ कोरडे, दिवसभर किरकिर. शेवटी दवाखान्यातली नर्स आली. आत पाऊल टाकलं आणि नाकावर हात धरला. "खिडकी शेवटची कधी उघडली होती?" मी म्हटलं, "तीन आठवडे झाले." तिने पोरीला तपासायच्या आधी चाकूने माझ्या पट्ट्या कापल्या. मग मला खिडकीशी उभं केलं आणि म्हणाली, "समोर बघ. दुपारचे बारा वाजलेत. काय दिसतंय?"

समोरच्या घरांच्या सज्जांवर पेट्या होत्या आई. एक, दोन, पाच, सात. रोजच असतात. मला वाटायचं, सरपणाच्या आहेत. प्रत्येकीत एक मूल झोपलेलं होतं. इथे सगळीच मुलं अशी झोपतात, दिवसा दोन तास, उणे अठरापर्यंत. त्याने छाती घट्ट होते आणि रात्री झोप गाढ लागते म्हणतात. सज्जा म्हणजे घरच, म्हणून कापा म्हणाली, घरीच आहोत. ती खोटं बोलली नव्हती. आणि हे इतकं रोजचं की मला सांगावं असं तिच्या मनातही आलं नाही. रव्याची खीर इथलं प्रत्येक मूल खातं. फेन्या म्हणजे फिलाचं तिच्या जिभेवर बसलेलं नाव, वेल्कोला ती वासिली म्हणते. आणि तो कोट ती स्वतःच्या जुन्या कोटाचा कापून शिवत होती. नव्या वर्षाला फिलाला द्यायचा होता, म्हणून दार लोटलं. वेल्कोला ठाऊक होतं. दीड तास तो तिला कातड्याला भोकं पाडून देत होता.

समितीतल्या बायका माझ्या तक्रारीवर हसल्या म्हणे. पण परदेशी पाहुण्यांच्या तक्रारीला कागदावर उत्तर द्यावं लागतं. उत्तर म्हणून कापाचं नाव पाळणाघराच्या यादीतून काढलं. गेल्या सोमवारी पाळणाघर उघडलं, तिथे बावीस वर्षांची मुलगी आहे. कापा आता गोदामाच्या दारात बर्फ काढते.

मी व्यवस्थापकाला म्हटलं, तक्रार मागे घेते. तो म्हणाला, "बाई, आता ती वर गेली. वर गेलेला कागद खाली येत नाही."

कापाच्या दारी गेले होते. तिने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी म्हटलं, "कापा, माझं चुकलं. मी तुझ्या पाया पडते." ती म्हणाली, "पायांवर बर्फ आहे, कशाला हात गार करतेस? पोर झोपते का?" मी म्हटलं, "आता झोपते. मी रोज सज्जात ठेवते." "गाल लाल असले तर ठीक. पांढरे दिसले तर उचल." एवढं बोलून तिने दार लावलं. जोरात आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आता माझा तुम्हाला प्रश्न आहे. रागावू नका, किंवा रागवा. कापाबद्दल मला गार गालांपलीकडे काही वाटत नव्हतं. जेवण, झोप आणि नाव, ही तीन चिन्हं तुम्ही सांगितलीत. परकराआड लपेल हेही तुम्हीच सांगितलंत, आणि पत्रात नव्हतं ते बरोबर ओळखलंत. लेकरू चोरणारी बाई काय क्रमाने काय करते, हे तुम्हाला इतकं पाठ कसं? कुणाचं पाहिलंत तुम्ही? तुमच्या शब्दावर मी एका बाईचं नाव आणि काम घालवलं. मला उत्तर मिळायला हवं.

रुमेना

—

गोर्ना लूका
९ मार्च १९८०

रुमेना,

तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, उत्तरच देऊ नये. टपाल हरवलं असं म्हणता आलं असतं. पण मग तू वेल्कोला विचारलं असतंस, आणि त्याने मला.

मी कुणाचं पाहिलं नाही. मी केलं.

आम्ही तेव्हा या गावात नव्हतो, पेत्को पलीकडच्या खोऱ्यात गिरणीवर होता. लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नाही. गिरणीजवळ ग्युर्गा नावाची विधवा राहायची, चोवीस वर्षांची. नवरा ओढ्याच्या पुरात गेला आणि पाच महिन्यांचं पोर पदरात. तिला छातीचा रोग झाला. डॉक्टरांनी डोंगरावरच्या रुग्णालयात पाठवलं आणि सांगितलं, पोराला जवळ ठेवलंस तर त्यालाही लागेल. ती माझ्याकडे आली. म्हणाली, "त्रेन्दाफिला, एक हिवाळा सांभाळ. तुझ्याशिवाय कुणावर माझा भरवसा नाही."

एका हिवाळ्याचे जवळजवळ तीन हिवाळे झाले. पहिल्या वर्षी मी तिची पत्रं त्याला वाचून दाखवायची, त्याला काय कळणार होतं, पण दाखवायची. दुसऱ्या वर्षी ती चुलीत घालायला लागले. उत्तर बंद केलं. त्याला माझ्या हातचं जेवण, माझ्या कुशीतली झोप. तिने त्याचं नाव लाझार ठेवलं होतं. ते मी हळूहळू बंद केलं आणि माझ्या सासऱ्यांच्या नावाने हाक मारायला लागले, वेल्को.

ती बरी होऊन आली तेव्हा तो सव्वातीन वर्षांचा होता. ती येणार हे मला दोन दिवस आधी कळलं होतं. ते दोन दिवस मी त्याला सांगत राहिले, काळ्या रुमालाची बाई तुला न्यायला येणार आहे. ती आली. दारात उभी राहून "लाझार" म्हणाली. तो माझ्या परकराआड लपला. मी त्याला पुढे करायला हवं होतं. मी परकर आणखी पसरला.

ती भांडली नाही. भांडली असती तर मी दिला असता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं खोटं मला ठाऊक नाही. एक आठवडा ती रोज यायची, फाटकापाशी थांबायची. मग म्हणाली, "तो तुझ्याकडे सुखात आहे," आणि कचेरीत जाऊन कागदावर सही केली. त्याच वर्षी आम्ही इकडे आलो, इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. पेत्को मरेपर्यंत मला म्हणायचा, पोराला सांग. मी म्हणायची, उद्या.

ग्युर्गा वीदीनला असते. शुक्रवारच्या बाजारात लोकरीचे मोजे विकते. मी मोजे घेत नाही, ती देऊही करत नाही. वर्षातून एकदा, शरदाच्या जत्रेत, माझ्याजवळून जाताना विचारते, "बरा आहे?" मी म्हणते, "बरा आहे." तीस वर्षं आमचं एवढंच बोलणं. गेल्या जत्रेत तिने एक शब्द जास्त विचारला: "थंडी वाजते का त्याला तिकडे?" मला उत्तर देता आलं नाही, कारण तू मिशांवरच्या बर्फाबद्दल तोवर लिहिलं नव्हतंस.

कापामध्ये मला मी दिसले. म्हणून तुला इतकं खात्रीने लिहिलं. त्या बाईची मी गुन्हेगार आहे. तिचं काम परत मिळवून देण्याची ताकद माझ्या हातात नाही.

हे पत्र वेल्कोला द्यायचं की शेकोटीत टाकायचं, ते तू ठरव. मी ठरवलं तर ते पुन्हा माझ्या सोयीचंच होईल.

त्रेन्दाफिला

—

वनवस्ती
३० मार्च १९८०

आई,

रुमेनाने तुझं पत्र पाच दिवस पिठाच्या डब्यात लपवलं होतं. मी बोलायला लागलो की ती डब्याकडे बघायची. कापाच्या प्रकरणापासून या घरात सगळेच एकमेकांवर पाळत ठेवतात, तेव्हा मीही ठेवली आणि डबा उघडला. तिच्यावर चिडू नकोस. ती म्हणाली, मला द्यायचंच होतं, फक्त कधी ते ठरत नव्हतं.

मी ते ओंडक्यांच्या गाडीत बसून वाचलं. मग काम केलं, संध्याकाळी परत वाचलं. लिहायला हा रविवार उजाडला.

मला ती बाई आठवते. तुला कधी सांगितलं नाही, कारण मला ते लहानपणचं वाईट स्वप्न वाटायचं. काळा रुमाल, फाटक, आणि तिच्या हातात गोल कडं असतं तसा एक पाव. ती फाटकावरून हात आत घालते आणि मी तिच्या हाताला चावतो. मग तू मला उचलतेस आणि म्हणतेस, गेली हं, गेली. भीती वाटली की मी हेच आठवायचो, की तू मला वाचवलं होतंस. इथे पहिल्या हिवाळ्यात झाड माझ्या अंगावर पडता पडता राहिलं, तेव्हाही हेच आठवलं होतं.

मी रागावलोय. किती ते मला अजून कळत नाही. तू मला उपाशी ठेवलं नाहीस, मारलं नाहीस, शिकवलंस. आणि तिच्या पत्रांनी चूल पेटवलीस. दोन्ही एकाच बाईने केलं, हे मला एकत्र बसवता येत नाही.

काल मी कापाकडे गेलो होतो. आमच्या दोनशे माणसांच्या सह्यांचा कागद घेऊन. परदेशी पाहुण्यांची तक्रार वर जाते, तर परदेशी पाहुण्यांची विनंतीही वर जाऊ दे. कापाने तो वाचला आणि म्हणाली, "वासिली, यातल्या निम्म्यांना मी ओळखतही नाही." मी म्हटलं, "तू फिलाला सांभाळलंस म्हणून ते दोन महिने घेवड्याची आमटी खाऊन बसलेत." तिला हसू आलं. काम मिळेल न मिळेल.

जूनमध्ये मला महिन्याची रजा आहे. आम्ही तिघं येऊ. आधी तुझ्याकडे येईन, तुझ्या हातचं जेवीन, तुझ्या घरी झोपेन. ते मोडायचं म्हटलं तरी मला मोडता येणार नाही. मग शुक्रवारी तू माझ्याबरोबर वीदीनच्या बाजारात यायचंस. मी एकटा जाणार नाही आणि रुमेनालाही पाठवणार नाही. तू मला परकराआड घेतलंस, तूच मला पुढे करायचंस. तिला सांगायचंस, हा घे.

आणि ती मला लाझार म्हणाली, तर तू तिला दुरुस्त करायचं नाहीस. मी ओ देईन.

वेल्को